सहा नंबरची लेन आणि खोटं बटण

तीर्थरूप मामांना,

गडबड्याचा साष्टांग नमस्कार. (ऑफिसच्या खुर्चीत बसून घातलेला आहे, तेव्हा आठांपैकी फार तर दोन अंगं धरा.) इकडे आम्ही सगळे ठीक. मान आखडली आहे, झोप उडाली आहे, आणि राग इतका साठलाय की आज सकाळी लिफ्ट उशिरा आली म्हणून मी लिफ्टशी भांडलो. पण एकंदरीत ठीक. तुमची तब्येत कशी आहे? खांदा कसा आहे? आईकडून कळलं की उजवा खांदा धरलाय म्हणून सात आठवडे तुम्ही पोहायला गेला नाहीत. शेकायची रबरी पिशवी घेऊन तुमच्याकडे जाऊन ये, असं तिने मला बजावलं. मी पिशवी आणली. ती इथे माझ्या टेबलावर पडली आहे आणि ती तुमच्याकडे येणार नाही. कारण मामा, तुमचा खांदा दुखत नाही. तुमचा खांदा ठणठणीत आहे. तुम्ही सख्ख्या बहिणीशी खोटं बोललात, आणि का बोललात ते मला गेल्या बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता कळलं. तेव्हापासून मी जेवतानासुद्धा घासाऐवजी दात-ओठ खातोय.

हे पत्र तुमच्या कम्प्युटरमधली मशीनबाई तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार. कंस आला की ती ‘कंस सुरू, कंस पूर्ण’ असं म्हणते आणि तुम्ही वैतागता, हे मला माहीत आहे. मामाला लिहिलेल्या पत्रात इतके कंस शोभत नाहीत, हेही कळतं. पण रागावलेल्या माणसाला एका सरळ वाक्यात बोलता येत नाही. तिला जरा हळू बोलायला लावा. तुम्ही तिला ज्या वेगाने पळवता त्या वेगात शिव्या नीट ऐकू येत नाहीत.

मुद्दा आधी सांगून टाकतो: तुम्हाला सहा नंबरची लेन परत मिळाली पाहिजे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात. एकोणीस वर्षं त्या वेळी त्या पाण्यात तुम्ही असता. जाताना डाव्या हाताला भिंत, एकतिसाव्या हाताला समोरचा काठ, वळायचं, येताना उजव्या हाताला तीच भिंत, पुन्हा एकतीस. बाकीच्या लेनना भिंत नाही, नुसती तरंगती दोरी आहे, आणि दोरी कधी इकडे सरकते कधी तिकडे, म्हणून त्या तुम्हाला चालत नाहीत. हे शिट्टीवाल्या जीवरक्षकापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ही लेन तुमच्याकडून काढून घेतली कोणी? आमच्या कंपनीने. कशाने? एका बटणाने. आता सविस्तर ऐका, आणि हवं तर मध्ये उठून पाणी प्या.

तलावाच्या नोंदणीचं जुनं पान मी नऊ वर्षांपूर्वी एकट्याने तीन दिवसांत लिहिलं होतं. वर मथळा, खाली सहा लेनची यादी, वेळा, आणि शेवटी एक बटण. दिसायला अगदीच सरकारी फॉर्म, पण बटण खरं होतं. हे खऱ्या बटणाचं प्रकरण जरा समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. वेबच्या भाषेत बटण नावाची एक तयार वस्तू पहिल्या दिवसापासून आहे. ती वापरली की माउसने दाबा, बोटाने दाबा, एन्टर मारा, स्पेसबार मारा, ती दबते. आणि मशीनबाई तिच्याजवळ पोचली की ती आपण होऊन सांगते की मी बटण आहे. तिला काही शिकवावं लागत नाही. तुम्ही त्या पानावरून पहिल्यांदा लेन घेतलीत तेव्हा मला फोन करून म्हणाला होतात, ‘अरे, हे तर आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डासारखं आहे. चाचपलं की कळतं काय कुठे आहे.’ चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुसत्या बोटांवर अख्खं गाव एकमेकांना जोडून देणाऱ्या माणसाने हे म्हणावं! नोकरीत पुढे मला दोन बढत्या मिळाल्या, पण त्यातली एकही इतकी खरी वाटली नाही.

मग ते पान बदललं का? कारण ते चालत होतं. हसू नका. सुताराने केलेलं टेबल नऊ वर्षं डगमगलं नाही तर लोक सुताराचं नाव घेतात. आमचं पान नऊ वर्षं डगमगलं नाही तर मीटिंग बोलावतात. आमच्याकडे एक सहकारी आहेत, त्यांना मी मनातल्या मनात उत्साहमूर्ती म्हणतो. ते दर सहा महिन्यांनी कुठल्या तरी परिषदेला जातात आणि येताना नवीन फ्रेमवर्क घेऊन येतात, जशी दुसरी माणसं सर्दी घेऊन येतात. (फ्रेमवर्क म्हणजे काय, तर एक पान लिहिण्याआधी जी चाळीस पानं लिहावी लागतात ती.) मागचं फ्रेमवर्क शिकून माझा हात बसतो न बसतो तोच ते जुनं झालेलं असतं आणि ते वापरणारा मीही. यंदाच्या परिषदेहून आल्यावर त्यांनी तुमच्या-माझ्या पानाकडे पाहिलं आणि तोंड असं केलं जसं कोणी शिळ्या अन्नाचा डबा उघडलाय. झालं, पान पुन्हा लिहायचं ठरलं.

आता सहा लेनची यादी दाखवायला एक हजार एकशे त्रेचाळीस पॅकेजं उतरवून घ्यावी लागतात. (मी मोजली नाहीत, मशीनने मोजली, आणि त्यातली सत्तावीस धोकादायक आहेत हेही त्याच दमात सांगितलं. आम्ही ‘बरं’ म्हणून पुढे गेलो.) पॅकेज म्हणजे कुणा अनोळखी माणसाने लिहून ठेवलेला कोडचा तुकडा. त्यातल्या एकाचं काम इतकंच की नवाच्या आधी शून्य लावायचं, म्हणजे वेळ ‘०९’ अशी देखणी दिसावी. एक शून्य लावायला आम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसावर विसंबलो. त्याने एका रविवारी आपल्या तुकड्यात काही सुधारणा केली आणि सोमवारी आमचा तलाव ‘००९’ वाजता उघडायला लागला. पूर्वी फाइल सेव्ह केली की पान बदलायचं. आता एक अक्षर बदललं तरी चार मिनिटं कम्प्युटरचा पंखा घरघरतो, आणि शेवटी तो सांगतो की तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे पण मला आवडलेलं नाही. पूर्वी चौकोनाला रंग द्यायचा तर मी लिहायचो, हिरवा. आता त्याच्यामागे अठ्ठावीस शब्दांची शेपटी लावतो, आणि ती वाचून लिहिणाऱ्यालाही रंग आठवत नाही. पान उघडलं की आधी राखाडी पट्ट्या चमकतात, म्हणजे माणसाला वाटावं काही तरी येतंय. जुनं पान येण्याचं नाटक करत नव्हतं, सरळ यायचं. भरीत भर म्हणून कोड सुचवणारं एक यंत्रही आणलंय. ते सगळा चुकीचा कोड अगदी आत्मविश्वासाने सुचवतं. बिचारं आमचाच कोड वाचून शिकलंय.

पण हे सगळं मी गिळलं असतं. नोकरी आहे, गिळावं लागतं. खरा संताप त्या बटणाचा. नव्या पानावर जे बटण आहे ते बटण नाही, मामा. तो एक चौकोन आहे. डिझायनरला गोल कडा हव्या होत्या, मऊ सावली हवी होती. खऱ्या बटणाला तसं वळवायचं तर पंधरा ओळी जास्त लिहाव्या लागतात. त्याऐवजी एक रिकामा चौकोन घेतला, रंगवला, आणि त्याला सांगितलं की माउसची टिचकी पडली की लेन नोंदव. एन्टरचं कोणी त्याला सांगितलंच नाही. वर कहर असा की त्या चौकोनाच्या गळ्यात पाटी अडकवली: ‘मी बटण आहे’. ही पाटी डोळ्यांना दिसत नाही, फक्त मशीनबाईला वाचता येते. आता तुम्हाला वाटेल, निदान कोणी तरी तुमचा विचार केला. छे! आमच्याकडे एक तपासनीस प्रोग्राम आहे. न पाहणाऱ्या माणसाला पान वापरता येईल का, याचे तो गुण देतो. त्याने पाटी पाहिली आणि गुण देऊन टाकले, शंभरपैकी शंभर. दाबून बघायचं त्याच्या नेमणूकपत्रात नाही. ते गुणपत्रक मॅनेजरबाईंनी चौकट करून कॉफीच्या यंत्राशेजारी लावलंय. शिवाय आमच्या स्वतःच्या चारशे बारा चाचण्या, सगळ्या हिरव्यागार, आणि त्यातल्या एकीनेही एन्टर दाबलेला नाही. हे बटण कोणी लिहिलं म्हणून विचाराल, तर ते शेवटी सांगतो. आधी बाकीच्यांवरचा राग काढू द्या, तो ताजा आहे.

तर इकडे गुणपत्रक लागलं आणि तिकडे तुम्ही सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला, नोंदणी उघडते त्या क्षणाला, पान उघडलंत. एकेक टॅब मारत सहा नंबरपर्यंत पोचलात, मंगळवार-शुक्रवार निवडलेत, आणि मशीनबाई म्हणाली, ‘लेन नोंदवा, बटण’. तुम्ही एन्टर मारलात. काहीही झालं नाही. पुन्हा मारलात. तलावाच्या खिडकीवर जाऊन विचारावं तर खिडकी बंद, बाहेर पाटी, नोंदणी फक्त वेबसाइटवर. फोन करावा तर ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की आमच्या वेबसाइटला भेट द्या. (तुम्हाला! ज्या माणसाने आयुष्यात एकाही फोनवर कोणाला ताटकळत ठेवलं नाही, त्याला!) आणि माझं काम म्हणून मला एका शब्दाने बोलला नाहीत. बहिणीला खांदा सांगितलात.

आता ऑफिसात काय चाललं होतं ते ऐका. चार आठवड्यांपूर्वी मॅनेजरबाईंनी भिंतीवर एक आलेख दाखवला. त्याला आम्ही गळती म्हणतो: किती लोक पानावर आले, किती शेवटपर्यंत पोचले, किती मध्येच गेले. शेवटच्या पायरीवर एक बारीक ठिपका होता. कोणी तरी एकजण दर सोमवारी अगदी बटणापर्यंत येतो, अकरा मिनिटं थांबतो आणि लेन न घेता निघून जातो. नाव-गाव आम्ही साठवत नाही, नुसती हालचाल दिसते. मॅनेजरबाईंना त्या ठिपक्याचा कळवळा आला. त्या म्हणाल्या, ‘हा माणूस इथपर्यंत येतोय म्हणजे त्याला पोहायचंय. मग दाबत का नाही? त्याला बटण दिसत नसणार!’ मामा, बाई बोलल्या त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि ठरलं काय? बटण दुप्पट मोठं करायचं. ते केलं. पुढच्या सोमवारीही ठिपका तसाच, म्हणून ते आणखी गडद हिरवं केलं. नंतर ते श्वास घेतल्यासारखं लहानमोठं व्हायला लागलं. तुमच्यासाठी अख्ख्या टीमने तीन आठवडे ते बटण नटवलं, आणि उत्साहमूर्तींनी त्याला श्वास घ्यायला लावण्यासाठी एक हजार एकशे चव्वेचाळिसावं पॅकेज आणलं.

याच्यापुढे कोणी जाऊ शकेल असं तुम्हाला वाटणार नाही, पण आमच्याकडे पहारेकरीही आहेत. म्हणजे दारावरचे नव्हे, वेबसाइटची सुरक्षा बघणारे. त्यांनी तो ठिपका पाहिला आणि कान टवकारले. दर सोमवारी नऊला, सेकंदाचाही फरक नाही. प्रत्येक वेळी तोच मार्ग. माउस एकदाही हललेला नाही, एका जागी त्रेचाळीस वेळा एन्टर. ते ठामपणे म्हणाले, हा माणूस नाही, हा यांत्रिक प्रोग्राम आहे, लेन बळकावायला आलाय. आणि त्यांनी बटणाच्या आधी एक कोडं बसवलं: तुम्ही माणूस असाल तर खालच्या नऊ चित्रांतले रहदारीचे दिवे ओळखा. अशा कोड्याला ऐकण्याची सोयही असते, पण ती चालू करायला एक खूण करावी लागते, आणि ती खूण करायची राहिली. म्हणजे ज्या माणसाचा नेटकेपणा मी लहानपणापासून पाहतोय, ज्याच्या घरात कात्री तिसऱ्या खणात डावीकडेच असते, त्याला आम्ही त्याच्या नेटकेपणावरून यंत्र ठरवलं. आणि पहारेकऱ्यांना अभिनंदनाची मेल गेली.

बुधवारी सव्वातीनला त्याच अभिनंदनाच्या मीटिंगमध्ये मी सहज त्या ठिपक्याचा सगळा मार्ग उघडून पाहिला. सहा नंबर. मंगळवार, शुक्रवार, सात. सातही सोमवारी तेच. मंगळवार-शुक्रवार सात म्हटलं की मला घड्याळ दिसत नाही, ओला टॉवेल खांद्यावर टाकून जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येणारे तुम्ही दिसता. आईचं खांद्याचं पुराण मी त्याच सकाळी ऐकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. आणि त्याहून वाईट आठवण मागोमाग आली. महिन्याभरापूर्वी तुम्ही मला फोन करून विचारलं होतं, ‘एन्टरची कळ वापरून वापरून झिजते का रे?’ मी कामात होतो. मी म्हणालो, झिजते, नवा कीबोर्ड घ्या. तुम्ही नवा कीबोर्ड घेतलात. आणि त्या सोमवारी नव्या कीबोर्डवर त्रेचाळीस वेळा एन्टर मारलात. त्या वेळी तुम्हाला काय वाटलं असेल याचा विचार केला की मला जागच्या जागी बसवत नाही. तुम्हाला वाटलं असणार की बोटं चुकतायत. चौतीस वर्षं न चुकलेली बोटं. मामा, बोटं चुकली नाहीत. एकदाही नाही. हे वाक्य मशीनबाईकडून दोनदा वाचून घ्या.

मीटिंगमध्येच मी उभा राहिलो आणि हा माणूस आहे, हा माझा मामा आहे, असं ओरडलो. पहारेकरी हळूच म्हणाले, ‘पण नऊच्या नऊला कोण येतं हो?’ मी म्हणालो, जो आयुष्यभर ड्यूटीवर वेळेत गेला तो येतो. कोडं त्यांनी तिथल्या तिथे काढलं, एवढं त्यांच्याविषयी चांगलं बोलतो. बटण मात्र काढवेना. खोटा चौकोन जाऊन खरं बटण यायला किती वेळ लागावा? लिहायला मला सहा मिनिटं लागली. अकरा ओळी खोडल्या, एक लिहिली. ती लोकांपर्यंत पोचायला मंगळवार उजाडला. पहिल्यांदा कोड तपासणाऱ्या यंत्राने हरकत घेतली की कोड कमी झाल्यामुळे तपासलेल्या कोडची टक्केवारी घसरली, तेव्हा कोड वाढवा. मग डिझायनर म्हणाली, खरं बटण अर्धा पिक्सेल खाली बसतं. (अर्धा! पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात बारीक कण, त्याचा अर्धा भाग कोणी पाहिलाय?) मग उत्साहमूर्ती समजुतीच्या सुरात म्हणाले की घाई कशाला, सुंदर बटणांचं एक मोठं पॅकेज आहे, ते पुढच्या तिमाहीत बसवू. मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, मशीनबाई बाईमाणूस आहे. शेवटी मॅनेजरबाईंनी विचारलं की एका माणसासाठी इतकं कशाला. मी त्यांचा माउस उपटला, त्यांच्या पर्समध्ये टाकला, आणि म्हणालो, आता लेन नोंदवून दाखवा. त्यांनी एन्टर मारला. मग पुन्हा मारला. सहाव्या एन्टरला त्यांनी कॉफीच्या यंत्राशेजारचं गुणपत्रक स्वतः जाऊन उतरवलं. तिथे आता चौकटीच्या आकाराचा पांढरा डाग आहे.

आज दुपारी खरं बटण पानावर चढलं. या सोमवारची नोंदणी कालच होऊन गेली, पण पुढच्या सोमवारी नऊला पान उघडा. नवा कीबोर्ड असो की जुना, एन्टर एकदाच मारा. एकदा पुरेल. प्रकृतीला जपा, खांद्याला अजिबात जपू नका, तो ठणठणीत आहे.

तुमचा संतापलेला भाचा,
गडबड्या

ता. क. बटण कोणी लिहिलं ते सांगतो म्हणालो होतो. मी लिहिलं. चौकोनही माझा आणि गळ्यातली पाटीही माझी. शुक्रवार होता, पाच वाजले होते, पंधरा ओळींचा कंटाळा आला. म्हटलं पाटी लावू, गुण मिळतील, सोमवारी नीट करू. त्या सोमवारनंतर सात सोमवार गेले. बाकी कोणाला माहीत नव्हतं की खोटं बटण म्हणजे कोणासाठी काय, मला माहीत होतं. तुमच्या घरात मी आठ वर्षांचा असताना पॅसेजच्या मधोमध स्टूल ठेवून खेळायला पळालो आणि तुम्ही त्यावरून पडलात. ओठ फुटला होता. तुम्ही ओरडला नाहीत, एवढंच म्हणालात की वस्तू जागच्या जागी असावी, आणि त्या दिवसापासून मला गडबड्या म्हणायला लागलात. मी पुन्हा तेच स्टूल ठेवलं. यावेळी तरी ओरडा. वर ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या त्या सगळ्या खऱ्या आहेत, फक्त त्यांची बेरीज करून माझ्या नावावर टाका.

ता. क. २. एक भानगड झाली आहे. बटण खरंच चालतं का, हे तुमच्यासारखंच तपासायचं म्हणून मी माउस काढला, डोळ्यांवर मफलर बांधला आणि मशीनबाई सुरू केली. आमच्याकडे पानाच्या दोन आवृत्त्या असतात, एक सरावाची आणि एक खरी, आणि दोन्ही हुबेहूब सारख्या. गल्लत होऊ नये म्हणून सरावाच्या पानावर पिवळी पट्टी असते. डोळ्यांवर मफलर असताना पिवळ्या पट्टीचा उपयोग काय, हे माझ्या लक्षात आलं नाही. सहा नंबर निवडला, एन्टर मारला, आणि बाई म्हणाली, ‘नोंदणी झाली.’ मामा, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी पुन्हा मारला. पुन्हा झाली. तिच्या तोंडून ते ऐकायला मी एकूण आठ वेळा एन्टर मारला. मग मफलर काढला. पट्टी नव्हती. आमच्या खात्याला सोमवारची किंवा प्रतीक्षायादीची अट नसते, प्रत्येक एन्टरला पुढचा वार मिळत जातो. येत्या शुक्रवारपासून चार आठवडे, मंगळवार-शुक्रवार, सकाळी सात, सहा नंबरची लेन माझ्या नावावर आहे. म्हणजे वर जे पुढच्या सोमवारी एन्टर मारा म्हणालो ते विसरा, लेन भरलेली दिसेल.

ता. क. ३. रद्द करायची म्हटली तर ती तुम्हाला मिळणार नाही. रद्द झालेली लेन प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाते, आणि यादीत अकरा जण आहेत. हा नियम नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिला होता, तो मात्र अजून चोख चालतो. वाट एकच आहे. फॉर्ममधला सगळ्यात लांबचा रस्ता तपासावा म्हणून मी ‘मला पोहता येत नाही, सोबत्याची गरज आहे’ यावर खूण केली होती. (खोटं काही लिहिलं नाही. तुम्ही मला दोनदा शिकवायला नेलंत आणि दोन्ही वेळा मी कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून पळालो.) नियमाप्रमाणे अशा माणसाबरोबर लेनमध्ये एका पट्टीच्या पोहणाऱ्याला उतरता येतं. त्या रकान्यात मी तुमचं नाव घातलं आहे. तेव्हा शुक्रवारी पावणेसातला मी तुम्हाला न्यायला येतो. तुम्ही तुमचे एकतीस हात मोजा, मी तुमच्या मागे भिंतीला धरून येईन. पाण्याची मला अजून तितकीच भीती वाटते, म्हणून पहिले चार-पाच हात मला सोडू नका.

ता. क. ४. आई विचारेल की तलावावर कशाला चाललात. डॉक्टरांनी खांद्यासाठी पोहायला सांगितलंय, असं सांगू. कोणाच्या खांद्यासाठी, हे तिने विचारलं तर माझ्या म्हणून सांगा. ती शेकायची पिशवी नाही तरी माझ्याकडेच आहे.